वगळलेली एकोणीस नाकं

संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावरच्या लांबट बोळात सात मूल्यं टांगलेली होती. काचेखाली, चौकटीत, एका रांगेत. प्रत्येक मूल्याखाली एक फोटो. ‘जिज्ञासा’च्या खाली एक गुबगुबीत पोर भिंगातून सुरवंट न्याहाळत होतं. ‘सहकार्या’च्या खाली एकमेकांवर ठेवलेले चार हात होते, कुणाचे ते विचारायचं नाही. सातवी चौकट ‘सचोटी’ची. तिच्या खाली मात्र खराखुरा माणूस होता. थोरली तिथवर आली आणि तिचा पाय अडखळला. ते बाबा होते.

ओळखपत्रावरचा फोटो ताणून मोठा केला होता. त्यामुळे बाबांचे कान होते त्याहून लांब गेले होते, आणि ‘लवकर उरका, मला काम आहे’ हा भाव चेहराभर पसरला होता. त्यांना जाऊन सहा आठवडे झाले होते. जिवंत माणसाला सचोटीखाली टांगायची जोखीम कुठलीच संस्था घेत नाही. उद्या काही भानगड निघाली तर चौकट उतरवायला शिडी शोधावी लागते. गेलेला माणूस त्या मानाने बिनघोर असतो.

“आवडला?” मागून आवाज आला. संस्थेचे संचालक तिला न्यायला स्वतः बोळात आले होते. वरपासून खालपर्यंत सगळे त्यांना नुसतं ‘साहेब’ म्हणत. “एकमताने ठरलं हं. मूल्यसमितीत दुसरं नावच आलं नाही.”

“समितीत कोण कोण आहे?”

“सध्या मी आहे,” साहेब म्हणाले. “या, आत बसू.”

बाबांचं काम वासाचं. संस्थेत त्यांना ‘नाकवाले’ म्हणायचे, पण स्वतःच्या नाकाने त्यांनी कधी काही मोजलं नाही. दुसऱ्यांच्या नाकांकडून खरं वदवून घ्यायचं, हे त्यांचं काम. कारखान्याच्या कुंपणालगतची हवा पिशवीत भरून आणायची, स्वच्छ हवा मिसळून ती पातळ करत न्यायची, आणि खोलीत ओळीने बसवलेल्या माणसांना काचेच्या नळीतून हुंगायला द्यायची. माणसाने फक्त ‘आला’ किंवा ‘नाही’ म्हणायचं. मध्येच, न सांगता, नुसत्या स्वच्छ हवेची पिशवी जोडायची. तिला ते ‘कोरी पिशवी’ म्हणत. कोऱ्या पिशवीलाही माणसं ‘आला’ म्हणायला लागली, की समजायचं, काहीतरी बिनसलंय. माणसाच्या नाकाइतकं चांगलं यंत्र नाही, असं बाबा म्हणायचे. फक्त त्या यंत्राला लाज फार. शेजारचा ‘आला’ म्हणाला की तेही ‘आला’ म्हणून मोकळं होतं.

एकतीस वर्षं त्यांनी हे केलं. हुद्दा तंत्रज्ञाचा. त्यांच्या मोजणीवर इतरांनी सव्वीस शोधनिबंध लिहिले, आणि त्या प्रत्येकाच्या शेपटीला, बारीक टायपात, बाबांचे आभार मानलेले होते. आभार मानायला कुणाचं काय जातं?

साहेबांनी टेबलावरून एक जाड लिफाफा पुढे सरकवला. “बघा ताई. पहिलं नाव कुणाचं आहे ते बघा.”

शोधनिबंध होता. सर्वांत वर, सगळ्यांच्या आधी, बाबांचं नाव. आभारात नव्हे, लेखकांत.

थोरलीने त्या नावावरून बोट फिरवलं आणि डोळे पुसले. ती पुस्तकांची मुद्रितं तपासायचं काम करायची. वीस वर्षांत तिच्या हाताखालून हजारो नावं गेली होती आणि एकाही नावाने तिला असं पकडलं नव्हतं. साहेब शांतपणे खिडकीबाहेर बघत राहिले. समोरच्याला केव्हा किती वेळ रडू द्यायचं, हे त्यांना अनुभवाने कळत होतं.

“फक्त एक सही हवी,” मग ते म्हणाले. “लेखक हयात नसेल तर वारसाची संमती लागते. आणि वासाच्या मोजणीत प्रमाणपत्रधारक माणसाचं नाव लेखकांत असल्याशिवाय नियतकालिक निबंध घेत नाही. ते प्रमाणपत्र इथं एकट्या त्यांच्याकडेच होतं.”

“एकट्याकडेच?”

“आठ महिन्यांचा अभ्यासक्रम आहे हो. फार कंटाळवाणा.”

थोरलीने संमतिपत्र हातात घेतलं. ‘लेखकाने अंतिम मसुदा वाचला असून तो त्यास मान्य आहे.’ पुढे ‘होय’च्या चौकोनात आधीच खूण केलेली.

“मसुद्यावर गेल्या आठवड्याची तारीख आहे.”

“हो.”

“त्यांनी वाचला कधी?”

“ते तांत्रिक आहे,” साहेब म्हणाले. “तारखेकडे नका लक्ष देऊ. भावना बघा. शिवाय त्या वासाच्या खोलीला त्यांचं नाव द्यायचं चाललंय. आईंना सांगा.”

दोन दिवसांची मुदत मागून ती उठली.

आईला सांगायची गरजच पडली नाही. साहेबांनी घरी आधीच फोन केला होता. आई दारातच उभी होती.

“पहिलं नाव आहे म्हणे?”

“हो.”

“मग केलीस सही?”

“वाचून करते.”

“वाचायचं काय त्यात? नाव आहे ना वर?” आई आत गेली आणि कपाटातून एक फाइल घेऊन आली. सव्वीसच्या सव्वीस निबंध. प्रत्येकाच्या शेवटच्या पानावर आभाराच्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ. ही रेघ आई मारायची. इंग्रजी तिला वाचता यायचं नाही, पण नवऱ्याच्या नावाचा आकार ओळखीचा होता. “प्रत्येक वेळी म्हणायचे, पुढच्या वेळी वर घेणार आहेत. मी म्हणायची, हो. दोघांनाही माहीत होतं, कुणी घेत नाही. आता घेतलंय तर तू आढेवेढे घेऊ नकोस, बाई.”

त्या घराला वास नव्हता. बाबांच्या कपड्यांना काही लागलं की खोलीतली नाकं बिघडायची, म्हणून घरात सुवासिक साबण नाही, तेल नाही, पावडर नाही. पोरींनी कॉलेजात असताना हौसेने अत्तराची कुपी आणली, तर ती गच्चीच्या जिन्यावर ठेवायची आणि बाहेर जाताना लावायची. माणूस गेल्यावर लोक त्याचा सदरा नाकाशी धरतात, असं थोरलीने पुस्तकांत पुष्कळदा वाचलं होतं. तिनेही एकदा, कुणी बघत नाही असं पाहून, धरला होता. काहीसुद्धा आलं नाही. एकतीस वर्षांच्या शिस्तीने बाबांनी तेवढंही मागे ठेवलं नव्हतं.

जेवणानंतर टेबल पुसून तिने निबंध पुढ्यात घेतला आणि शेजारी बाबांची कच्ची वही उघडली. पक्की नोंद संस्थेत राहायची, कच्ची ते घरी आणायचे. मुद्रित तपासावं तशी ती एक ओळ इथली, एक ओळ तिथली वाचत गेली.

प्रकरण साधं होतं. हाडं उकळून सरस बनवणारा एक कारखाना. त्याच्या मागे वस्ती. कुंपणापाशी वास प्रमाणाबाहेर निघाला तर कारखान्याला धुरांड्यावर गाळणी बसवावी लागणार. अभ्यासाचा खर्च कारखान्याचाच. वहीत मोजणीचे दोन दिवस होते, निबंधात एकच.

पहिला दिवस, बाबांच्या उभट अक्षरात: ‘वस्तीतली एकोणीस माणसं. कोऱ्या पिशव्या सहा. सगळ्या मिळून एकच चूक. त्या बाईंना सर्दी होती. कुंपणाची हवा आठशेपट पातळ केली तरी निम्म्यांना वास येतो. मर्यादा शंभरपटीची, म्हणजे आठपट जास्त.’

निबंधात या दिवसाबद्दल एक वाक्य होतं: ‘हितसंबंधांमुळे एकोणीस नाकं वगळण्यात आली.’

दुसरा दिवस: ‘संस्थेतले बारा कर्मचारी. सकाळी कारखान्याचे पाहुणे खोली बघून गेले. ते येणार म्हणून खोलीत गुलाबाचा फवारा मारला होता. कुंपणाच्या हवेला बारापैकी अकरा म्हणाले, आला. कोऱ्या पिशवीलाही अकरा म्हणाले, आला. गुलाबच येत होता. दिवस रद्द. खिडक्या चार दिवस उघड्या ठेवणे.’ खाली दोन ठळक आडव्या रेघा.

निबंध नेमका याच दिवसावर उभा होता. निष्कर्ष असा: कुंपणाच्या हवेला अकरा, स्वच्छ हवेला अकरा, सबब, कारखान्याची हवा आणि स्वच्छ हवा यांत फरक आढळत नाही.

थोरलीने ते वाक्य तीनदा वाचलं. व्याकरणाची एकही चूक नव्हती. मग तिला हसू आलं, आणि ते आवरायला तिला तोंडावर हात धरावा लागला, कारण आत आई झोपली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वस्तीत गेली. कारखान्याच्या भिंतीला लागूनच घरं होती आणि भर उन्हाळ्यात सगळ्यांच्या खिडक्या बंद. वासाचं वर्णन करायला तिला शब्द शोधावा लागला नाही. तिला रुमाल शोधावा लागला. वहीत पहिलं नाव एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचं होतं. त्या दाराशीच मशीन टाकून पडदे शिवत बसल्या होत्या.

“नाकवाल्यांच्या तुम्ही?” त्यांनी मान वर करून विचारलं. “वाटलंच. तेच कपाळ. गेले ऐकलं, वाईट वाटलं. बसा, तो पाट घ्या. रुमाल राहू द्या खुशाल, नवीन माणसाला लागतो.”

“तुम्ही गेला होतात ना मोजणीला?”

“गेलो म्हणजे! एकोणीसजण. निम्म्याहून जास्त बायका, आणि तुमचे बाबा म्हणतात, एकमेकींकडे बघायचं नाही, बोलायचं नाही. आम्हाला!” बाई खुदकन हसल्या. “मी एका पिशवीला म्हटलं, अहो हिच्यात काही नाहीये, उगाच काय हुंगायला लावता? तर पहिल्यांदा हसले ते. म्हणाले, बरोबर. माझी जाऊ मात्र फसली. सर्दी होती बिचारीला. तेही लिहून घेतलं त्यांनी. मग? निकाल काय लागला आमचा? पास का नापास?”

“तुम्हाला वगळलंय.”

मशीनचं चाक थांबलं. “कशापायी?”

“तुम्ही इथं राहता म्हणून.”

“आता गं बाई. मग इथला वास घ्यायला चंद्रावरची माणसं बोलवायची होती का?”

“तुमचा त्यात स्वार्थ आहे, असं म्हणतात.”

“आहेच की,” बाई म्हणाल्या. “श्वास घ्यायचाय.” आणि त्यांनी चाक पुन्हा फिरवलं.

तिसऱ्या दिवशी थोरली वही पिशवीत घालून साहेबांसमोर बसली. या वेळी खोलीत तिसरी व्यक्ती होती: साहेबांच्या हाताखाली पीएचडी करणारी एक मुलगी. निबंधात दुसरं नाव तिचं होतं. ती खुर्चीच्या टोकावर बसून पेनचं टोपण उघडत-मिटत होती.

“हा दुसरा दिवस बाबांनी रद्द केलाय,” थोरली म्हणाली आणि वही पुढे केली.

साहेबांनी वहीकडे पाहिलं, हात मात्र लावला नाही. “कच्ची वही आहे ही.”

“खोलीत गुलाब मारला होता.”

“मान्य.”

“मग ती मोजणी कशी चालेल?”

“का नाही चालणार? गुलाब काय एकट्यादुकट्याला आला? बाराच्या बाराजणांभोवती सारखाच होता. अन्याय झाला तर सगळ्यांवर समान झाला, म्हणजे झालाच नाही. याला आम्ही नियंत्रित परिस्थिती म्हणतो.”

“आणि ते एकोणीसजण?”

“ताई, ती माणसं तिथं राहतात. त्यांना वास यावासा वाटतो. आम्हाला निःपक्ष नाक हवं. कसलं घेणंदेणं नसलेलं.”

“संस्थेचे बारा कर्मचारी. आणि खर्च कारखान्याचा.”

“तो त्यांना कुठं माहीत होता!” साहेब दुखावल्या स्वरात म्हणाले. “हे बघा, तुम्ही पुस्तकं वाचणाऱ्या. तुमचा गोंधळ मी समजू शकतो. कुणाचं नाक धरायचं, कुणाचं सोडायचं, हा शास्त्राचा प्रश्न आहे, नीतीचा नाही. एकदा त्यात चांगलं-वाईट शिरलं की शास्त्र संपलं.”

“पण बाहेर तर सात मूल्यं टांगलीत.”

“म्हणूनच ना,” साहेब म्हणाले. “मूल्यं आम्ही बोळात ठेवलीत, ताई. इथं आत फक्त आकडे.”

हे ते चेष्टेने म्हणाले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर घर नीटनेटकं ठेवणाऱ्या माणसाचं समाधान होतं. लबाड माणसाशी भांडता येतं. याच्याशी कुठून सुरुवात करायची तेच थोरलीला कळेना. तिने संमतिपत्र बाजूला सारलं, निबंधाचं पहिलं पान ओढून घेतलं आणि पर्समधलं लाल पेन काढलं.

चुकलेला शब्द काढायला तिला कधी अर्धा क्षणही लागत नसे. या नावापाशी तिचा हात थांबला. सव्वीस वेळा जे खाली राहिलं ते एकदाचं वर आलं होतं, छापायला तयार, स्पेलिंगसुद्धा बिनचूक. खोडायला कुणी सांगितलं नव्हतं. न खोडता उठून गेली असती तरी भागलं असतं. पण साहेब संमती कुठून तरी पैदा करतील, धाकट्या भावाला फोन लावतील, आईच्या हातात पेन देतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने नावावरून रेघ ओढली, समासात खूण केली, आणि बाजूला ‘वारसाची संमती नाही’ असं लिहून सही केली. वर तारीख घातली. आजची.

“ही भावनेच्या भरात—” साहेब म्हणाले.

“वारसाचा लेखी नकार आहे. नियतकालिकाला एक प्रत मी पाठवतेय, वहीच्या दोन पानांसकट.”

साहेबांनी लाल रेघेकडे पाहिलं. मग एकदम त्यांचा आवाज मऊ झाला. “ठीक आहे. इथं नाही तर नाही. प्रमाणपत्रवाला दुसरीकडून आणू. पण नाकवाल्यांशिवाय हा निबंध मला कल्पनेतही नको वाटतो. आपण त्यांना आभारात घेऊ. तिथं वारसाची संमती लागत नाही.”

“तिथूनही काढा.”

“आभारातून? ताई, कुणी आभार नाकारतं का?”

“एकतीस वर्षं कुणी नाकारले नाहीत,” थोरली म्हणाली, “म्हणून तुम्हाला सवय नाही.” शेवटचं पान उलटून तिने तिथल्या कोऱ्या जागेतही लिहिलं: आभार मानू नयेत. आणि खाली सही.

जिन्यात मागून पावलं वाजली. ती पीएचडीवाली होती.

“ताई, थांबा. तुम्हाला बरं वाटलं असेल ना आता?”

थोरली वळली.

“गुलाब मीच मारला होता,” मुलगी म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. “साहेब म्हणाले, पाहुणे येतायत, खोलीला कोंदट वास येतोय, काहीतरी मार. वासाच्या खोलीत! मला कळत नव्हतं का? पण मी मारला. तुमच्या बाबांनी संध्याकाळी मला एवढंच विचारलं, कितीदा दाबलंस? मी म्हटलं, चारदा. तर म्हणाले, मग चार दिवस खिडक्या. ओरडलेसुद्धा नाहीत.”

“मग तूही सांग ना हे. लेखी.”

“सांगते की. माझी तीन वर्षं तुम्ही भरून द्या, लगेच सांगते.” तिचा आवाज चढला. “तुमचं काय गेलं? नाव तुमच्या बाबांचं, सचोटी तुमच्या बाबांची, चौकटीत जाऊन बसलेत ते. मला अजून नोकरी लागायचीय. मोठी माणसं एका रेघेत स्वच्छ होतात आणि डाग आमच्यावर ठेवून जातात.”

थोरलीकडे पुस्तकी उत्तरं पुष्कळ होती. त्यातलं एकही जिन्यात उभं राहून देण्यासारखं नव्हतं. “तुझं खरं आहे,” ती म्हणाली. मुलीला बहुधा भांडण हवं होतं. ती तशीच वळली आणि वर गेली. जाताना नाक ओढल्याचा आवाज आला.

घरी आई तिची वाट बघत होती. चपला काढायच्या आतच विचारलं, “झालं?”

“नाव काढलं मी, आई.”

“कुठनं?”

“वरनं. आणि आभारातनंही.”

आई खुर्चीत बसली. हात मांडीवर, तळवे वर. “तेवढं तरी ठेवायचं होतंस गं,” शेवटी म्हणाली. “खालचं. तेवढं त्यांचं हक्काचं होतं.”

थोरलीने समर्थन केलं नाही. तिने वही काढली आणि दुसऱ्या दिवसाचं पान आईला वाचून दाखवलं. सावकाश, मधे न थांबता: पाहुणे, फवारा, अकरा, पुन्हा अकरा, दिवस रद्द.

“थांब,” आई म्हणाली. “काय मारला होता?”

“गुलाब. पाहुणे येणार म्हणून.”

“कधीची तारीख?”

थोरलीने तारीख सांगितली. आई भिंतीकडे बघत राहिली.

“त्या संध्याकाळी आले ते,” ती म्हणाली, “आणि सदऱ्याला हा असा गुलाब. आपल्या घरात! मी विचारलं, हे काय? म्हणाले, साहेबांनी खोलीत फवारा मारायला लावला. वासाच्या खोलीत कुणी फवारा मारेल का, तूच सांग. मला वाटलं, इतकी वर्षं खरं बोलून आता थाप मारायची वेळ आलीये तर तीही धड जमेना. सदरा तीनदा धुतला मी, आपटून आपटून. ते आपले बाजूला उभे. म्हणाले, अगं, वहीत लिहिलंय, वाच हवं तर.”

“मग?”

“मी कशाला वाचतेय,” आई म्हणाली. “दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी.”